दिवाण देवडी आणि सालारजंग संग्रहालय

मराठीत ‘देवडी’ म्हणजे वाड्याच्या दरवाजालगतची पहारेकऱ्यांची जागा. हैदराबादच्या उर्दूत मात्र हा शब्द अमीर-उमरावांच्या संपूर्ण वाड्यासाठी रूढ झाला. चारमिनारजवळ, पत्थरगट्टीलगत असलेली दिवाण देवडी ही सालारजंग घराण्याची अशीच विस्तीर्ण वास्तू होती. १८५३ ते १८८३ या काळात निजाम राज्याचे दिवाण असलेले पहिले सालारजंग, मीर तुराब अली खान, येथे राहत. १८६५ च्या जिल्हाबंदीने मराठवाड्याच्या कारभाराला जी चौकट मिळाली तीही त्यांच्याच दिवाणगिरीतली. म्हणून ही देवडी मराठी अभ्यासकालाही परकी नाही.

तिसरे सालारजंग, मीर यूसुफ अली खान, २ मार्च १९४९ रोजी अविवाहित वारले. त्यांच्या मिळकतीची व्यवस्था शासनाने नेमलेल्या समितीकडे गेली. जेम्स कझिन्स यांनी संग्रहाची मांडणी केली आणि १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते देवडीतच संग्रहालय सुरू झाले. पहिल्या सालारजंगांनी १८७६ मध्ये रोमला विकत घेतलेली बुरख्यातील रिबेकाची संगमरवरी मूर्ती त्यामुळे प्रेक्षकांना तिच्या मालकाच्याच घरात पाहता आली.

१९५८ मध्ये वारसांनी तडजोडीने हक्क सोडले, १९६१ च्या कायद्याने संग्रहालयास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरविले आणि १९६८ मध्ये संग्रह मुसी नदीकाठच्या नव्या इमारतीत हलविण्यात आला. राहत्या घराच्या दालनांत वाढती गर्दी मावणे कठीण होते, हे मान्य करावे लागेल. परंतु कायद्याचे संरक्षण संग्रहाला आणि ग्रंथालयाला लाभले, घराला नाही. नव्या इमारतीत वस्तू देश आणि प्रकार यांनुसार लागल्या. कोणती वस्तू बैठकीची, कोणती दाखविण्याची आणि कोणती केवळ हौसेची, हे सांगणारा दालनांचा क्रम मोडला. चिनी मातीच्या भांड्यांनी भिंती मढविलेला चिनीखाना तर खोली म्हणूनच एक प्रदर्शनीय वस्तू होता. तो पेटीत भरून नेता येण्याजोगा नव्हता.

पुढे देवडीचा बहुतेक भाग पाडला गेला आणि तेथे बाजार उभा राहिला. महाविद्यालयीन सहली संग्रहालयातील वाजणाऱ्या घड्याळापाशी गर्दी करून परततात. देवडीची कमान तेथून पायी जाण्याजोग्या अंतरावर, दुकानांच्या गर्दीत आहे.