मतदारसंघाची रेघ कुणी ओढायची?

मागच्या वेळी आपण मताचं मोल काय, ते पाहिलं. आज त्याच्या आधीचा प्रश्न घेऊ. मत कुठल्या चौकटीत मोजायचं, हे ठरवणारी रेघ कुणी ओढायची?

१८१२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी राज्य सिनेटच्या नव्या मतदारसंघांवर सही केली. त्यातला एक इतका वेडावाकडा होता, की बॉस्टनच्या वृत्तपत्राने त्याला पंख आणि नख्या लावून 'गेरीमँडर' हा प्राणीच छापला. विरोधी फेडरलिस्टांना मतं जास्त पडली, जागा मात्र ४० पैकी ११! चित्र सगळ्यांना आठवतं. हे आकडे जास्त बोलके आहेत.

पुढे १९६० च्या दशकात न्यायालयांनी मतदारसंघांची लोकसंख्या सारखी असावी असा दंडक घातला. मग दर जनगणनेनंतर नकाशा बदलणं आलंच. काम किचकट, त्यात संगणक आला; महागडी सॉफ्टवेअर पक्षांच्या तज्ज्ञांकडे, आणि खोलीचं दार बंद. नागरिकाने तक्रार केली की उत्तर ठरलेलं: 'याहून वेगळा नकाशा होतच नाही.' तपासणार कसं?

२०१० च्या जनगणनेच्या सुमारास मायकेल मॅकडोनाल्ड आणि मायका ऑल्टमन या दोन अभ्यासकांनी इथेच बोट ठेवलं. त्यांच्या प्रकल्पातून 'डिस्ट्रिक्टबिल्डर' हे खुलं सॉफ्टवेअर झालं. ब्राउझर उघडायचा, एकेक भाग उचलून मतदारसंघात टाकायचा; लोकसंख्येची बेरीज समोर बदलत राहते. आज्ञावलीही कुणालाही वाचता येते.

२०११ मध्ये व्हर्जिनियात कॉलेजच्या विद्यार्थ्यांची नकाशास्पर्धा झाली. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना यातली खरी गोम इथे दिसते. मतदारसंघ आटोपशीर हवा, चुरस हवी, पक्षांना न्याय हवा, अल्पसंख्याकांचा आवाज दबता कामा नये. हे सगळं एकत्र बसत नाही हो! एका पक्षाचे मतदार शहरात दाटलेले असले, तर नीटनेटक्या रेघांनीही त्याच्या जागा घटतात. काय सोडायचं, हे यंत्र सांगत नाही. पण काहीतरी सोडलंय, हे लपवू देत नाही.

विधिमंडळाने काय केलं? नकाशा स्वतःचाच मंजूर केला. विद्यार्थ्यांना उत्तर देण्याचं बंधन त्यांच्यावर नव्हतंच. त्यांनी संमत केलेल्या काँग्रेसच्या नकाशातला तिसरा मतदारसंघ २०१४ मध्ये न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, कारण कृष्णवर्णीय मतदार त्यात वंशाच्या आधारावर कोंबले होते. २०१६ ची निवडणूक न्यायालयाने दिलेल्या नकाशावर झाली. म्हणजे वेगळा नकाशा होत होता!

आपल्याकडे २००८ च्या पुनर्रचनेआधी आयोगाने मसुदे छापले, हरकती मागवल्या, जाहीर सुनावण्या घेतल्या. ते चांगलंच. पण 'आमचं गाव तिकडे का टाकलं?' एवढं विचारणं वेगळं आणि लोकसंख्या जुळवून पर्यायी नकाशा टेबलावर ठेवणं वेगळं.

व्हर्जिनियात २०२० मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती करून आयोग आणला: ८ आमदार, ८ नागरिक. त्यांचं जमलं नाही. शेवटी २०२१ च्या डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या दोन तज्ज्ञांनी मसुदा जाहीर केला, लोकांच्या सूचना ऐकल्या, काही रेघा हलवल्या आणि अंतिम नकाशासोबत आपली कारणं लिहून दिली.