कॅमेऱ्यापासून विभक्त दिवा : क्षणप्रकाशाच्या इतिहासाचा एक विचार

युरोपीय भाषांनी छायाचित्रणास जे नाव दिले त्यात भर प्रकाशावर आहे. मराठीने रूढ केलेल्या शब्दात तो छायेवर आहे. संस्कृतात ‘छाया’ या शब्दाला सावली, प्रतिबिंब आणि कांती असे तिन्ही अर्थ असल्यामुळे ‘छायाचित्र’ हा शब्द घडविणाऱ्यांस यांपैकी नेमका कोणता अर्थ अभिप्रेत होता याविषयी वाद घालता येईल. तथापि कृत्रिम प्रकाशाने घेतलेल्या चित्रांपुरते पाहिले तर सावली हाच अर्थ अधिक फलदायी ठरतो. दिवा भिंगाच्या लगत ठेवला की वस्तूची सावली वस्तूच्याच मागे दडते. चेहऱ्यावरील उंचसखलपणा नाहीसा होतो आणि माणूस कागदावर कातरून चिकटविल्यासारखा दिसू लागतो. तोच दिवा चार हात बाजूस नेला की नाक, गालफड, कपड्यांच्या चुण्या यांस घनता येते. दिव्याची जागा ही केवळ कारागिरीची बाब नव्हे. छायाचित्राचा पुरावा म्हणून उपयोग करू पाहणाऱ्या इतिहासाभ्यासकाने, दस्तऐवज कोणी व कोठे लिहिला असे जसे विचारावे, तसेच दिवा कोठे होता हेही विचारले पाहिजे.

कॅमेऱ्यापासून दूर ठेवलेला आणि तारेवाचून चेतविलेला फ्लॅश ही अगदी अलीकडची सुधारणा होय, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. बिनतारी चेतवणी अलीकडची आहे, यात शंका नाही. परंतु दिव्याचे कॅमेऱ्यापासून वेगळे असणे ही या विद्येची मूळ अवस्था होती. दिवा कॅमेऱ्याला जखडला गेला तो मध्यंतरीच्या काळात, आणि त्याला निराळे कारण घडले.

१४ जून १८५१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये विल्यम हेन्‍री फॉक्स टॅल्बट याने फिरत्या चाकावर ‘टाइम्स’ पत्राचा छापील कागद चिकटवून लेडन पात्रांच्या संचातील ठिणगीच्या उजेडात त्याचे चित्र घेतले. या प्रयोगात प्रकाशाचे यंत्र स्वतंत्र होते, कॅमेरा स्वतंत्र होता. दोहोंमध्ये काळोख एवढाच दुवा होता. खोली अंधारी असल्यामुळे भिंग उघडे राहिले तरी काही बिघडत नव्हते. ठिणगी पडेल तेवढाच क्षण काचेवर उमटणार होता. पुढे नादारने पॅरिसच्या भूमिगत अस्थिगृहांत विजेच्या दिव्याने चित्रे घेतली. तेथे विद्युत्घट वर रस्त्यावर ठेवून तारा खाली सोडल्या होत्या. परंतु तो प्रकाश क्षणिक नसल्याने एकेका चित्राला कित्येक मिनिटे लागत आणि जिवंत मजुरांच्या ऐवजी पुतळे उभे करावे लागले.

मॅग्नेशियमच्या ज्योतीने १८६० नंतर हे साधन सुटसुटीत केले. १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमची भुकटी, पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनी सल्फाइड यांचे मिश्रण सिद्ध केले. त्याला त्यांनी दिलेल्या ‘ब्लिट्झलिख्ट’ या नावाचा अर्थ ‘विजेचा लखलखाट’ असा होतो, आणि ते अगदी सार्थ आहे. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रातून ही बातमी जेकब रीस या वार्ताहराच्या वाचनात आली. तेथील गरीब वस्तीतल्या काळोख्या खोल्यांचे वर्णन तो शब्दांनी करीत होता, पण वाचकांवर त्याचा परिणाम होत नव्हता. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवावयाचा, भिंगावरचे टोपण काढावयाचे, भुकटी पेटवावयाची आणि टोपण पुन्हा लावावयाचे, अशी ती रीत होती. आरंभी भुकटी पिस्तुलाच्या आकाराच्या उपकरणातून उडविली जाई. मध्यरात्री अनोळखी माणसे पिस्तूल रोखून आत शिरतात हे पाहून लोक पळत सुटत. म्हणून रीसने पुढे स्वयंपाकघरातील तवा हाती घेतला. या उद्योगात त्याच्याकडून दोनदा घराला आग लागली. त्याचा ग्रंथ १८९० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात ही चित्रे काही हाफ्टोन ठशांनी, तर काही रेखाटनांच्या रूपाने छापली गेली.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. रीसचा तवा कॅमेऱ्यापासून सुटा होता खरा, पण तो विचारपूर्वक कोठे मांडावा एवढी सवड त्याला नव्हती. त्याचा प्रकाश विभक्त आहे, नियोजित नाही. निजलेल्या माणसावर अकस्मात पडलेला तो उजेड आणि त्यामुळे विस्फारलेले डोळे हा त्या खोलीचा नित्याचा देखावा नसून दिव्याने घडविलेला देखावा आहे. रीसच्या हेतूच्या शुद्धतेने हा आक्षेप दूर होत नाही.

जॉर्ज शायरस याने मिशिगनच्या अरण्यात याच साधनाचा निराळा उपयोग केला. प्राण्याच्या वाटेवर दोर ताणून ठेवावा आणि त्याचा धक्का लागताच भुकटी पेटून चित्र उमटावे, अशी त्याची योजना होती. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने जुलै १९०६ च्या अंकात त्याची ७४ छायाचित्रे छापली. छायाचित्रकाराच्या अनुपस्थितीत दिवा चेतविण्याची कल्पना तेथे पूर्णत्वास गेलेली दिसते. पुढच्या काळाला केवळ दोर काढून टाकावयाचा होता.

पण मध्येच उलटा प्रवाह सुरू झाला. १९२९-३० च्या सुमारास जर्मनीत काचेच्या फुग्यात प्राणवायू व ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा कोंडून तयार केलेला फ्लॅशबल्ब विक्रीस आला. धूर गेला, आगीची भीती गेली. मुख्य म्हणजे हा बल्ब विजेने पेटत असल्यामुळे झडपेशी जोडता येऊ लागला. बल्ब पूर्ण तेजास यावयास सुमारे एकपन्नासांश सेकंद लागत असल्याने झडप तेवढी मागाहून उघडावी लागे. ही कालसंगती साधणारी यंत्रणा कॅमेऱ्याच्या अंगावरच बसविणे सोईचे होते. अशा रीतीने दिवा कॅमेऱ्याला चिकटला. वीजी या नावाने प्रसिद्ध असलेल्या न्यूयॉर्कच्या वृत्तछायाचित्रकाराने स्पीड ग्राफिक कॅमेऱ्यावर दहा फुटांचे अंतर आणि एफ/१६ हे छिद्र कायमचे ठरवून टाकले होते. बल्ब नेहमी कॅमेऱ्यापाशीच असल्यामुळे हिशेब एकदाच करावा लागे. त्याच्या चित्रांतील पांढरेफटक चेहरे आणि मागचा गडद काळोख यांत शैली किती आणि उपकरणाची सक्ती किती, हे सांगणे सोपे नाही. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. एक मीटरवरील चेहऱ्यावर जेवढा उजेड पडतो त्याचा सोळावा भागच चार मीटरवरील भिंतीला मिळतो. काळोखाचे कारण इतके साधे आहे.

या बंधनातून तारेच्या साहाय्याने किती दूर जाता येते, याचे उत्कृष्ट उदाहरण ओ. विन्स्टन लिंक याचे आहे. जानेवारी १९५५ पासून १९६० पर्यंत त्याने नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिने, ती कायमची थांबण्यापूर्वी, बहुतांशी रात्री चित्रित केली. सूर्य हलविता येत नाही आणि रूळही हलविता येत नाहीत, म्हणून आपला प्रकाश आपणच निर्माण करावा, असा त्याचा युक्तिवाद होता. काळे इंजिन प्रकाश गिळते, पांढरी वाफ तो परत फेकते. शिवाय गाडी वेगाने पुढे जात असल्याने दुसरी संधी मिळत नाही. २ ऑगस्ट १९५६ रोजी पश्चिम व्हर्जिनियातील येगर येथे, मोटारीत बसून पाहावयाच्या चित्रपटगृहात, त्याने ४३ बल्ब एकाच क्षणी पेटविले. बल्ब एका साखळीत जोडण्याची त्याची पद्धत होती; एक निकामी झाला तर एकही पेटू नये. अर्धवट उजेडाचे चित्र मिळण्यापेक्षा चित्रच न मिळणे त्याला पत्करत होते.

मात्र त्या चित्राच्या बाबतीत अभ्यासकाने सावध असावे. बल्बांच्या झोताने पडद्यावरचे दृश्य पुसून गेले होते. त्यावर दिसणारे विमान दुसऱ्या निगेटिव्हवरून छापताना मिळविलेले आहे. मोटारीतील जोडपे, पडद्यावरचे विमान आणि मागून धावणारी गाडी हे तिन्ही त्या रात्री त्या ठिकाणी होते. पण एका क्षणात ते कोणाच्याही डोळ्यांना असे दिसले नाहीत. चित्र खोटे नाही, तरी ते रचलेले आहे, आणि लिंकने मांडलेल्या दिव्यांच्या जागा हा त्या रचनेचा पाया आहे.

तार गळून पडण्यास विद्युत्विसर्जनाचा दिवा कारणीभूत झाला. १९३१ पासून हॅरॉल्ड एजर्टन याने मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यासंस्थेत वायूने भरलेल्या नळीतून संधारित्राची वीज सोडून अत्यल्प काळाचे झोत निर्माण केले. हा दिवा तत्काळ तेज घेतो, बल्बासारखा रेंगाळत नाही. म्हणून एका फ्लॅशचा उजेड पाहून प्रकाशसंवेदी घटाने दुसरा फ्लॅश चेतवावा, हे व्यवहार्य झाले. दोहोंमधील विलंब नगण्य असतो. इंग्रजीत या जोडीला ‘मास्टर’ व ‘स्लेव्ह’ अशी नावे पडली. त्यांची जागा आता पाठविणारा व घेणारा अशा अर्थाचे शब्द घेत आहेत. मराठीने ‘बिनतारी’ हा शब्द संदेशवहनाकडून आयता घेतला. जे नाही त्यावरून वस्तूला नाव देण्याचा हा एक नमुना होय.

प्रकाशाने प्रकाश चेतविण्यात दोन उणिवा होत्या. भर उन्हात घटाला झोत ओळखता येत नसे, आणि कोणत्याही परक्या छायाचित्रकाराचा फ्लॅश आपला दिवा खर्ची घाली. १९९० च्या दशकाच्या आरंभी मिनोल्टाने झोतांची सांकेतिक मालिका वापरून दुसरी उणीव पुष्कळ अंशी दूर केली. कॅननने १९९८ मध्ये व निकॉनने २००३ मध्ये आपापल्या पद्धती आणल्या. भिंतीआडचा दिवा चेतविण्यासाठी रेडिओलहरींचाच आश्रय करणे भाग होते. प्रथम सुटी जोड-उपकरणे आली आणि २०१२ मध्ये कॅननने फ्लॅशच्या अंगातच ती सोय केली. शंभर मीटर अंतर कापण्यास रेडिओलहरीला सेकंदाच्या तीस लक्षांश भागाइतका वेळ लागतो. कॅमेऱ्याच्या पडद्याला पूर्ण उघडे राहण्यास मिळणाऱ्या सुमारे एकअडीचशांश सेकंदाच्या मानाने तो हिशेबात धरण्याजोगा नाही.

या सोयीने अभ्यासकापुढे मात्र एक नवी अडचण उभी केली आहे. अंकीय छायाचित्राबरोबर कॅमेरा आपली टिपणे आपोआप साठवितो आणि त्यांत फ्लॅश चेतला की नाही याचीही नोंद असते. परंतु साध्या रेडिओ-उपकरणाने दूरचा दिवा चेतविला तर कॅमेऱ्याला त्याची वार्ता नसते, आणि नोंदीत ‘फ्लॅश चेतला नाही’ असे उमटते. अशा वेळी नोंद बाजूस ठेवून चित्रातील माणसाच्या बुबुळातील तेजाचा ठिपका आणि त्याच्या नाकाची सावली कोणत्या बाजूस पडली आहे, हेच पाहावे लागते.