तळटीप १४ : ‘रेग्युलेटर सुटला’

१४. लेखकाचा शब्द तसाच ठेवला आहे. सुटला तो तोंडातून नव्हे. हवा अनिर्बंध सुटली. पाणबुडे याला ‘फ्री-फ्लो’ म्हणतात. सिलिंडरमधली सुमारे २०० बार दाबाची हवा रेग्युलेटरमध्ये एकदम प्रसरण पावते आणि गार पडते. आइसलंडच्या सिल्फ्रा भेगेत पाणी मुळातच २ ते ४ अंश सेल्सिअस. तिथे झडपेशी बर्फ धरतो आणि ती उघडीच अडकते. (मालवणच्या कोमट पाण्यात बर्फ कुठला? तिथे वाळूचा कणही पुरतो.) झडपेची रचनाच अशी, की बिघडली तर बंद पडण्याऐवजी उघडी राहावी. म्हणून हवा तुटत नाही, उलट अंगावर येते. पुढे लेखक ‘ओठ सैल सोडून’ श्वास घेतो तो यामुळेच. माउथपीस अर्धवट बाहेर धरायचा, बुडबुडे गालावरून फडफडत जाऊ द्यायचे आणि नळाला ओंजळ लावावी तशी लागेल तेवढीच हवा घ्यायची. भरलेला सिलिंडरही अशाने काही मिनिटांत संपतो. तेव्हा लगेच वर निघायचे, पण नेहमीच्याच संथ वेगाने. सोबती हाताच्या अंतरावर असताना लेखकाने त्याचा जादा रेग्युलेटर का घेतला नाही, हे मात्र प्रस्तुत संपादकाला अजून उमगलेले नाही. — संपा.