सहा जण परतले नाहीत

१९०४-०५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात शिकणारे सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी पुढच्या वर्षी परतलेच नाहीत. अल्फा फाय अल्फा या संघटनेचा इतिहास या रिकाम्या जागांपासून सुरू होतो.

कॉर्नेल न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावात आहे. विद्यापीठ टेकडीवर, गाव खाली. प्रवेशाला कागदावर मज्जाव नव्हता. पण मुलांसाठी वसतिगृहं फारशी नव्हती. राहणं, जेवणं, सीनियर मुलांची मदत, पुढे नोकरीसाठी लागणाऱ्या ओळखी, हे बरंचसं फ्रॅटर्निटीच्या घरांतून मिळायचं. ग्रीक अक्षरांची नावं घेतलेली ही विद्यार्थी-मंडळं गोऱ्यांची होती. काही कृष्णवर्णीय विद्यार्थी तिथं जायचे खरे, पण वाढप्याचं काम करायला! टेबलाभोवती काय चालतं, हे त्यांना चांगलंच दिसत होतं.

उरलेल्यांनी आधी एक अभ्यासगट काढला. गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या घरी बैठका व्हायच्या. मग वाद सुरू झाला: हे साहित्य मंडळच राहू द्यायचं, की फ्रॅटर्निटी करायची? गटाचे प्रमुख पॉइंडेक्स्टर यांना साहित्य मंडळ पुरेसं वाटत होतं. हेन्री कॅलिस आणि इतरांना ते पुरेसं वाटेना. नुसती चर्चा करून माणूस कॉलेजात टिकत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. ४ डिसेंबर १९०६ ला फ्रॅटर्निटी ठरली. तिचे सात संस्थापक आजही ‘सात रत्नं’ म्हणून ओळखले जातात.

ज्यांनी दार बंद केलं त्यांचेच दीक्षाविधी आणि गुप्तता या मुलांनी का उचलली, हा प्रश्न रास्त आहे. शिवाय इथंही दार फक्त पुरुषांनाच उघडं होतं. तरी मला वाटतं, त्यांना त्या थाटापेक्षा त्यामागची सोय हवी होती: कुणी अडखळला तर हात देणारं कुणीतरी.

ही सोय कॉर्नेलपुरती राहिली नाही. १९०७ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात दुसरी शाखा निघाली. सातांपैकी व्हर्टनर टँडी वास्तुविशारद झाले, मॅडम सी. जे. वॉकर यांचा प्रसिद्ध बंगला त्यांचाच. यूजीन किंकल जोन्स यांनी नॅशनल अर्बन लीगची धुरा दोन दशकांहून अधिक काळ वाहिली. दक्षिणेतून उत्तरेच्या शहरांत आलेल्या कृष्णवर्णीयांना काम आणि घर मिळवून देण्यासाठी ही संस्था झटत होती.

या संघटनेचं नाव निघालं की मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव हमखास येतं. ते १९५२ मध्ये बॉस्टनमध्ये सदस्य झाले. पण मला त्याआधीची एक साधी मोहीम जास्त मोलाची वाटते. १९२० च्या आसपास संघटनेनं ‘हायस्कूलला जा, कॉलेजला जा’ असा प्रचार सुरू केला. कॉलेजात पोचलेल्यांनी, अजून शाळाही न संपवलेल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना गाठून शिक्षण सोडू नका म्हणून सांगायचं. १९३० च्या दशकात त्याला मतदार नोंदणीची जोड मिळाली. तेव्हा दक्षिणेत कृष्णवर्णीयांना मत द्यायला कर आणि साक्षरतेच्या परीक्षा आडव्या येत, आणि त्या परीक्षेत पदवीधरालाही नापास करता येई.