बातमी कोणासाठी?



देशावर काही आपत्ती आली की आता घरातले सगळे मोबाईल एकदम वाजू लागतात. सासूबाईंचा, मुलांचा, आपला. पाच मिनिटांत फोटो येतात, व्हिडिओ येतात, "सर्वांना पाठवा" असं लिहिलेले निरोप येतात. त्यातलं खरं किती आणि कोणाच्या उपयोगाचं किती, हे त्या गडबडीत कळत नाही. म्हणून आज थोडं मागे जाऊन पाहू या.

३० जानेवारी १९४८ ला संध्याकाळी दिल्लीत बिर्ला भवनात गांधीजींची हत्या झाली. तेव्हा गावात रेडिओ एखाद्या घरी असायचा. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, म्हणून मारेकरी हिंदू आहे हे रेडिओवरून मुद्दाम सांगितलं गेलं. त्या एका शब्दामुळे मोठा रक्तपात टळला असं मानतात. पण मारेकऱ्याची जात कळल्यावर आपल्याच सातारा, सांगली, कोल्हापूर भागात निरपराध ब्राह्मण कुटुंबांची घरं जाळली गेली. बातमी खोटी नव्हती. ती ऐकून माणसांनी काय केलं, ते वाईट होतं.

३१ ऑक्टोबर १९८४ ला उलट झालं. इंदिराजींवर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्या गेल्याचं आकाशवाणीनं सांगितलं ते संध्याकाळी. मधल्या वेळात लोक बीबीसी लावून बसले होते. सरकारनं बातमी दाबून ठेवली म्हणून ती थांबली नाही, ती दुसऱ्या दारानं आली.

आणि मग २६ नोव्हेंबर २००८. बुधवारची रात्र. मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनस, लिओपोल्ड कॅफे, कामा रुग्णालयाचा परिसर, ताज, ओबेरॉय-ट्रायडंट, नरिमन हाऊस. शनिवारी सकाळी ताजमधली चकमक संपेपर्यंत देश टीव्हीसमोरून उठला नाही. १६६ माणसं गेली.

या वेळी बातमी रेडिओवर किंवा पेपरात थांबून राहिली नव्हती. ट्विटर तेव्हा नवं होतं, १४० अक्षरांचं. तिथं लोक क्षणाक्षणाला लिहीत होते, रक्त कुठं हवं आहे ते सांगत होते. एका तरुणानं कॅमेरा घेऊन रस्त्यावरचे फोटो काढले आणि फ्लिकरवर चढवले, ते जगभर पाहिले गेले.

मी तेव्हा पाककृतींच्या एका याहू ग्रुपवर होते. बटाटा-कांद्याशिवायची भाजी, पर्युषणातला स्वयंपाक असे आमचे विषय. बहुतेकींचे चेहरे मी आजही पाहिलेले नाहीत. आपल्याकडे रात्र होती तेव्हा अमेरिकेत सकाळ होती. न्यू जर्सीतल्या एका मैत्रिणीचे आईवडील गिरगावात राहायचे आणि तिला फोन लागत नव्हता. तिनं ग्रुपवर नंबर टाकला. मी घरच्या लँडलाइनवरून लावत राहिले. पंधरा-वीस वेळा "सर्व लाइन्स व्यस्त आहेत" ऐकलं, मग काकूंनी उचलला. मी तिला एवढंच लिहिलं, "बोलले. दोघं घरी आहेत. दार लावून बसलेत." तिचं उत्तर यायला बराच वेळ लागला. ती रडत होती, असं तिनं नंतर सांगितलं.

त्याच रात्री त्याच यंत्रांचा दुसरा उपयोगही चालू होता. अतिरेक्यांचे सूत्रधार पाकिस्तानात बसून इंटरनेटवरून फोन करत होते आणि आपल्याच वाहिन्यांवरचं थेट प्रक्षेपण बघून त्यांना सूचना देत होते. कमांडो कुठं उतरले, हॉटेलात कोण अडकलंय, हे सगळं पडद्यावर दिसत होतं. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं वाहिन्यांच्या या वागण्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. पुढं २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला. आता अतिरेक्यांविरुद्धची कारवाई चालू असताना थेट दाखवता येत नाही. नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच दाखवायचं.

२८ तारखेला, शुक्रवारी, सीएसटीवर पुन्हा गोळीबार सुरू झाल्याची बातमी पसरली. ती निव्वळ अफवा होती. ज्यांची माणसं त्या वेळी त्या वाटेनं घरी येत होती, त्या घरांत काय झालं असेल याचा विचार करा.

याच सीएसटीवर बुधवारी रात्री उद्घोषक विष्णू झेंडे होते. लोकलच्या वेळा सांगणारे. त्यांच्याजवळ ना कॅमेरा ना इंटरनेट, फक्त समोरचा माईक. बंदूकधारी दिसताच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले की या बाजूला येऊ नका, एक नंबरच्या फलाटाकडून बाहेर पडा. ते जागचे हलले नाहीत. त्या स्थानकात पन्नासहून अधिक माणसं गेली, पण त्यांच्या आवाजामुळे कितीतरी वाचली.

मला त्या रात्रीतला हा माईक फार महत्त्वाचा वाटतो. झेंडेंनी स्वतः पाहिलं तेवढंच सांगितलं, ज्यांना गरज होती त्यांनाच सांगितलं, आणि पुढं काय करायचं तेही सांगितलं. वाहिन्यांकडे त्यांच्यापेक्षा हजारपट साधनं होती, पण त्या बघणाऱ्यांसाठी दाखवत होत्या.

आपल्याकडे भाषा समिती सांगितली आहे: हित, मित आणि असंदिग्ध बोलावं. मुनींसाठी आहे ती, पण आता प्रत्येकीच्या हातात एक माईक आहे, तेव्हा थोडी आपणही पाळायला हरकत नाही. हे मी पाहिलंय का, किंवा पाहिलेल्या माणसाकडून आलंय का? हे वाचून कोणाचं काही भलं होणार आहे का? कोणा एका जातीधर्माच्या माणसांवर राग वळवायला तर हे लिहिलेलं नाही ना? एवढं विचारलं की दहातले नऊ निरोप आपोआप गळून पडतात.

उरलेल्या वेळात एक फोन करावा. ज्या गावात संकट आलंय तिथं आपल्या ओळखीचं कोण आहे ते आठवावं, ऑनलाइन ओळखीचं असलं तरी. नंबर लागला नाही तर पुन्हा लावावा. आणि कोणी सुखरूप असल्याचं कळलं तर ते आधी त्यांच्या घरच्यांना कळवावं, ग्रुपवर मागाहून.