जागा न सोडणारे वंगण

मेकॅनिकल कीबोर्डच्या स्विचला कोणते वंगण लावावे याचा शोध हौशी मंडळी बहुधा 'सर्वांत गुळगुळीत कोणते' या प्रश्नापासून सुरू करतात. बारीक यंत्रांच्या वंगणाचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न दुय्यम ठरतो. घड्याळजी, टाइपरायटर दुरुस्त करणारे आणि आजचे स्विच बनवणारे यांची खरी झटापट घर्षणापेक्षा वंगणाच्या स्वभावाशी झाली आहे. तेल लावल्या जागी थांबत नाही. थांबले तर कालांतराने चिकट होते आणि चिकट झाले की धूळ धरते. म्हणून गेल्या तीन शतकांत वंगणाची निवड प्रत्यक्षात एकाच कसोटीवर होत आली: ते जागेवर किती काळ, न बदलता राहील?

अठराव्या शतकात युरोपातील घड्याळजी ऑलिव्हचे तेल वापरत. ताजे असताना ते छान चाले, पण हवेने घट्ट होई आणि थंडीत गोठे. घड्याळाच्या चकतीत आसाच्या टोकाभोवती वाटीसारखा बारीक खळगा कोरण्याची पद्धत याच शतकात रुजली, ती तेलाचा थेंब तिथेच अडकून राहावा म्हणून. चांगले तेल मिळत नव्हते, तेव्हा कारागिरांनी धातूलाच वेगळा आकार दिला. पुढे एकोणिसाव्या शतकात मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड या देवमाशांच्या शिकारीच्या बंदराने या अडचणीवर जरा क्रूर उपाय शोधला. डॉल्फिनच्या जबड्यातून आणि पायलट व्हेलच्या डोक्यातून निघणारे तेल कडक थंडीतही वाहते राही आणि सहसा चिकट होत नसे. ते थंडीत ठेवून, गोठणारा भाग गाळून काढला की घड्याळाचे तेल तयार होई. विल्यम नाय यांनी याच धंद्यावर नाव कमावले. दिव्याचे तेल पिंपांनी विकले जाई, हे इवल्याशा बाटल्यांतून, कारण एका घड्याळाला दोन-चार थेंबच पुरत. १९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलसह मोठ्या देवमाशांना संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत टाकले आणि त्यांच्या तेलाची आयात थांबली. कृत्रिम तेले तोवर आलीच होती. नाय यांच्या नावाची कंपनीही पुढे कृत्रिम वंगणांवरच जगली.

टाइपरायटरने या धड्याची दुसरी बाजू दाखवली. शोल्स यांच्या रचनेवरून रेमिंग्टन कंपनीने १८७४ च्या सुमारास टाइपरायटर विक्रीला आणला. पुढे रूढ झालेल्या रचनेत अक्षरांच्या दांड्या एका अर्धवर्तुळाकार पट्टीच्या खाचांमध्ये फिरतात. त्या खाचांत तेल घातले की पहिले काही दिवस यंत्र पळते. मग खोडरबराचा चुरा, कागदाचे तंतू आणि धूळ त्या तेलात कालवली जाऊन दांड्या अडकू लागतात. म्हणून गाडा सरकतो त्या रुळांना किंचित तेल, आणि खाचा मात्र पेट्रोलसारख्या उडून जाणाऱ्या द्रवाने धुऊन कोरड्या, असा जाणत्या कारागिरांचा नियम होता. आपल्याकडे गोदरेजने १९५५ मध्ये पहिला भारतीय टाइपरायटर काढला आणि २००९ पर्यंत त्याचे उत्पादन चालू ठेवले. धूळ आणि दमट हवा यांत वर्षानुवर्षे चालणाऱ्या यंत्रांना हा कोरडेपणाचा नियम तर अधिकच लागू होता. वंगण न लावणे हीदेखील निवडच असते, हे आजच्या हौशी लोकांच्या लक्षात येत नाही.

इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या अभियंत्यांना मात्र हे पक्के ठाऊक होते. १९८० च्या दशकात दोन कंपन्यांनी दोन वाटा धरल्या. जपानच्या आल्प्स कंपनीने स्विचच्या सरकत्या भागावर कोरड्या वंगणाचा थर दिला. नवे आल्प्स स्विच हाताला अप्रतिम लागत. थर झिजला आणि धूळ आत गेली की तेच स्विच खरखरीत होत, आणि जुने आल्प्स कीबोर्ड जमवणाऱ्यांची ही नेहमीची रड आहे. जर्मनीतून चेरी कंपनीने १९८३-८४ च्या सुमारास आणलेल्या एमएक्स स्विचमध्ये सरकता भाग पॉलिऑक्सिमिथिलिन या प्लास्टिकचा ठेवला. हे प्लास्टिक मुळातच कमी घर्षणाचे असल्याने गुळगुळीतपणा थराऐवजी पदार्थातूनच मिळाला. असा प्रयोग फार जुना आहे. जॉन हॅरिसन यांनी १७२२ च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रॉकल्सबी पार्कच्या मनोऱ्यासाठी केलेल्या घड्याळात लिग्नम व्हायटी हे नैसर्गिक तेल असलेले लाकूड वापरून वरून तेल घालण्याची गरजच काढून टाकली. चेरीने कळत-नकळत त्याच विचाराची री ओढली.

मग वंगण हवेच कशाला, असा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. लाखो चेरी स्विच कारखान्यातून कोरडे किंवा जवळपास कोरडेच बाहेर पडले आणि दशकानुदशके बिनतक्रार चालले. आयुष्य वाढवण्यासाठी वंगण लावतो असे कोणी म्हणत असेल तर ते फारसे पटत नाही. खरे कारण कानात आहे. प्लास्टिकवर प्लास्टिक आपटल्याचा आवाज आणि स्प्रिंगची टिणटिण दाट वंगणाने दबते. म्हणजे इथे वंगणाला घर्षण कमी करण्याइतकेच कंपन गिळण्याचे काम आहे, आणि हे काम पातळ तेलापेक्षा अर्धवट घट्ट ग्रीस चांगले करते. क्रायटॉक्स २०५ या ग्रीसचा 'ग्रेड शून्य' हा मऊ प्रकार रूढ झाला तो यामुळे. त्याचे मूळ तेल, म्हणजे क्रायटॉक्स १०५, स्प्रिंगला पुरते. सरळ दाबल्या जाणाऱ्या स्विचच्या सरकत्या बाजूंना ग्रीस. ज्या स्विचला बोटाखाली मुद्दाम एक खटका ठेवलेला असतो, त्याच्या सरकत्या भागाच्या पायांना ते लावले तर खटकाच बोथट होतो. टिकटिक वाजणाऱ्या स्विचच्या आवाज करणाऱ्या भागाला ग्रीस लागले तर पैसे वाया.

क्रायटॉक्सच का, याचेही उत्तर गुळगुळीतपणात नाही. ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत जन्मलेले हे परफ्लुओरोपॉलिइथर ऑक्सिजनशी अभिक्रिया करत नाही, जवळजवळ उडून जात नाही आणि बहुतेक प्लास्टिकला इजा करत नाही. म्हणून ते ऑक्सिजनचे व्हॉल्व्ह आणि अंतराळयंत्रे यांसाठी पसंत केले गेले. खनिज तेलाच्या फवाऱ्यांनी काही प्लास्टिकला ताणाखाली तडे जातात. डब्ल्यूडी-४० तर १९५३ मध्ये सॅन दिएगोत पाणी हटवण्यासाठी बनले. कीबोर्डवर त्याचे काही काम नाही. घड्याळजींनी खळगे कोरून जे साधू पाहिले, ते रसायनशास्त्राने रेणूच्या आतच साधले.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: जे जागा सोडत नाही आणि बदलत नाही, ते निसर्गातही बदलत नाही. परफ्लुओरोपॉलिइथर हे पीएफएएस नावाच्या, नष्ट न होणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांच्या कुळातले आहे. २०२३ च्या जानेवारीत पाच युरोपीय देशांनी या संपूर्ण कुळावर निर्बंधांचा प्रस्ताव मांडला. इटलीतील त्रिस्सिनोचा मितेनी हा पीएफएएस बनवणारा कारखाना परिसरातील पाणी दूषित करून २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला आणि त्याची यंत्रसामग्री पुढे रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत आली. तिथे कीबोर्डचे ग्रीस बनत नाही, पण रसायनांचे हे कूळ आपल्यापासून किती जवळ आहे हे त्यातून कळते. एका कीबोर्डला लागते ते ग्रीस ग्रॅमभरही नसते, असे उत्तर यावर मिळते. ते खरे आहे, आणि हौशी माणसाने त्यामुळे अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. मात्र प्रमाण अल्प असल्याचा युक्तिवाद न्यू बेडफर्डच्या बाटल्यांनाही लागू होता. तिथेही दोन-चार थेंबच लागत.

म्हणून निवडीचा क्रम उलटा करावा. चेरीने २०२३ पासून एमएक्स२ए मालिकेत कारखान्यातच वंगण द्यायला सुरुवात केली आहे आणि चिनी कंपन्यांचे कितीतरी स्विच तसेच येतात, त्यामुळे आधी स्विच जसा येतो तसा काही दिवस वापरून पाहावा. स्पेसबारला आधार देणाऱ्या तारेसाठी साधे सिलिकोन ग्रीस उत्तम चालते. एवढ्यावर भागले नाही तरच २०५ घ्यावे, आणि तेही बारीक कुंचल्याने, पृष्ठभाग पांढरा दिसणार नाही इतके पातळ लावावे.