ऑक्सिजन सेन्सर बिघडला की गाडीचं इंजिन नेमकं कुठे चुकतं?

मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने तब्बल ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवलं. बघता बघता तो आकडा देशभर व्हायरल झाला. त्याच दिवशी नागपूर परिसरातली दुसरी काही केंद्रं मात्र ४४ अंशांच्या आसपास होती. मग हवामान विभागाने खुलासा केला की सेन्सरमध्ये बिघाड असल्यामुळे हा आकडा चुकीचा आला.

तापमानाचा चुकीचा आकडा शेजारच्या केंद्रांशी ताडून पकडता आला. गाडीतल्या ऑक्सिजन सेन्सरने चुकीचा आकडा दिला तर मात्र इंजिनचा कॉम्प्युटर आधी त्यावर विश्वास ठेवतो आणि त्या हिशेबाने पेट्रोल सोडत राहतो. त्याचा भुर्दंड गाडीमालकाच्या खिशाला बसतो.

हा सेन्सर असतो कुठे आणि करतो काय?

ऑक्सिजन सेन्सर दिसायला स्पार्क प्लगसारखा असतो आणि इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपात बसवलेला असतो. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत असे किमान दोन सेन्सर असतात. एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी आणि दुसरा त्याच्यानंतर. पहिला सेन्सर पेट्रोल किती सोडायचं हे ठरवायला मदत करतो. दुसरा मुख्यतः कन्व्हर्टर नीट काम करतो की नाही यावर नजर ठेवतो. म्हणून पहिला बिघडला की इंजिनवर लगेच परिणाम दिसतो. दुसरा बिघडला तर अनेकदा फक्त ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो.

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १ किलोला १४.७ किलो हवा लागते. धुरात ऑक्सिजन जास्त उरला म्हणजे पेट्रोल कमी पडलं, जवळजवळ काहीच उरला नाही म्हणजे पेट्रोल जास्त झालं. सेन्सरमधला झिर्कोनियाचा सिरॅमिक भाग हा फरक ओळखून विजेचा छोटा दाब तयार करतो. पेट्रोल कमी असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट, जास्त असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट. इंजिन गरम झाल्यावर हा आकडा सतत वरखाली होत राहतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्यानुसार पेट्रोल कमी-जास्त करतो. नव्या काही गाड्यांत याहून नेमकं मोजणारे सेन्सर असतात, पण काम तेच.

बॉश कंपनीने हा सेन्सर १९७६ मध्ये बाजारात आणला आणि व्होल्वोच्या गाड्यांत तो पहिल्यांदा बसला. भारतात कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शनची इंजिनं आली तसा तो इथेही रुळला. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ नियम लागू झाल्यावर त्याचं महत्त्व आणखी वाढलं.

सेन्सर चुकला की काय होतं?

चूक दोन दिशांनी होऊ शकते.

पहिली : सेन्सर ‘पेट्रोल कमी पडतंय’ असं सांगत राहतो. ईसीयू पेट्रोल वाढवतो. गरज नसताना वाढवल्यामुळे अॅव्हरेज घसरतं, सायलेन्सरमधून काळपट धूर येतो, पेट्रोलचा वास येतो आणि प्लगवर काजळी धरते.

दुसरी : सेन्सर ‘पेट्रोल जास्त होतंय’ असं सांगत राहतो. ईसीयू पेट्रोल कापतो. मग गाडी सिग्नलवरून उठताना अडखळते, मिसिंग करते, पिकअप मिळत नाही आणि उभ्या गाडीचं इंजिन थरथरतं. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइडही वाढतात.

तिसरा प्रकार अधिक फसवा असतो. जुना सेन्सर खोटं बोलत नाही, पण उत्तर उशिरा देतो. त्यामुळे पेट्रोलचं प्रमाण सतत थोडं मागे-पुढे होत राहतं. दिवा लागत नाही, गाडी बंद पडत नाही, फक्त पेट्रोल थोडं थोडं जास्त जातं.

पूर्ण अॅक्सिलरेटर दाबल्यावर अनेक गाड्यांत ईसीयू या सेन्सरकडे तात्पुरतं दुर्लक्ष करून ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो. म्हणून हायवेवर गाडी जोरात पळते, पण शहरात अडखळते, असा अनुभव येऊ शकतो.

खर्चाचा हिशेब

नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. समजा, एखादी गाडी लिटरला १८ किलोमीटर देते. तिला या अंतराला सुमारे ३९ लिटर पेट्रोल लागेल. अॅव्हरेज १५ वर आलं तर सुमारे ४७ लिटर. एका फेरीत ८ लिटरचा फरक. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरलं तरी ८०० रुपये.

पण खरा फटका कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बसतो. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरपर्यंत पोहोचलं की ते तिथे जळतं, कन्व्हर्टर प्रमाणाबाहेर तापतो आणि आतली जाळी वितळूही शकते. जाळी बसली की धुराची वाट अडते आणि मग इंजिनचा जोरच जातो. सेन्सर काही हजारांत बदलता येतो. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असे महागडे धातू असल्यामुळे त्याची किंमत त्याच्या अनेक पटींनी असते.

नागपूरच्या उन्हाने सेन्सर जातो का?

नाही. हा सेन्सर कामाला लागायलाच सुमारे ३०० अंश तापमान लागतं आणि तेवढं तापवण्यासाठी त्यात छोटा हीटरही असतो. त्याच्यापुढे ४५ अंशांचं ऊन किरकोळ आहे. उलट डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी हीटर बिघडलेला असेल तर सेन्सर उशिरा जागा होतो आणि तोवर गाडी जास्त पेट्रोल पिते. धंतोलीहून सीताबर्डीपर्यंतच्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला याचा त्रास जास्त.

खरा शत्रू पाणी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या मुसळधार पावसात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागपुरातल्या अनेक वस्त्यांमध्ये उभ्या गाड्या पाण्यात गेल्या. अशा वेळी कनेक्टरमध्ये पाणी आणि गाळ शिरतो. धुरातला ऑक्सिजन मोजताना सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची हवा लागते. अनेक सेन्सर ती वायरींमधल्या बारीक पोकळीतून घेतात. तिथे पाणी गेलं की आकडा चुकतो. तापलेल्या सिरॅमिकवर एकदम गार पाणी पडलं तर ते तडकूही शकतं.

इतर कारणंही आहेत : इंजिन ऑइल जळणं, कूलंट ज्वलनकक्षात झिरपणं, दुरुस्तीत चुकीचं सिलिकॉन सीलंट वापरणं, भेसळीचं पेट्रोल आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. यातलं काही झालं नाही तर हीटर असलेला सेन्सर साधारण एक ते दीड लाख किलोमीटर चालतो.

अॅव्हरेज घसरलं ते ई २० मुळे की सेन्सरमुळे?

नागपूर आणि इथेनॉलचं नातं जुनं आहे. नागपूरचे खासदार नितीन गडकरी इथेनॉलचा सतत पुरस्कार करत आले आहेत आणि २०१४ मध्ये इथेनॉलवर चालणारी बसही याच शहरात धावली होती. आता २० टक्के इथेनॉल असलेलं ई २० पेट्रोल सगळीकडे मिळतं.

इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो आणि ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी असते. त्यामुळे ई २० ला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन थोडं जास्त सोडावं लागतं. ते किती जास्त, हे ईसीयूला ऑक्सिजन सेन्सरच सांगतो. सेन्सर धडधाकट असेल तर ईसीयू आपल्या मर्यादेत जुळवून घेतो. सेन्सर बिघडलेला असेल तर हे जुळवणंच चुकतं.

ई २० मुळे होणारी घट काही टक्क्यांची असते आणि ती कायम राहते. त्याच पंपावर, त्याच रस्त्यावर अॅव्हरेज अचानक लिटरमागे दोन-तीन किलोमीटरने घसरलं, सोबत काळा धूर किंवा मिसिंग असेल, तर दोष इथेनॉलला देण्याआधी गाडी तपासलेली बरी.

दिवा लागला म्हणजे सेन्सरच खराब?

इथेच सर्वाधिक पैसे वाया जातात. स्कॅनर लावला, सेन्सरशी संबंधित कोड आला आणि लगेच सेन्सर बदलला, असं अनेकदा होतं. काही दिवसांत दिवा पुन्हा लागतो.

पी ०१७१ हा कोड पेट्रोल कमी पडतंय असं सांगतो, पी ०१७२ जास्त होतंय असं. दोन्ही कोड सेन्सरने खरं सांगितल्यामुळेही येऊ शकतात. फाटलेला व्हॅक्यूम पाइप, तुंबलेला इंजेक्टर, अशक्त फ्युएल पंप ही कारणं असू शकतात. सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा पाइप फुटला असेल तर बाहेरची हवा आत जाते आणि चांगला सेन्सरही चुकीचा आकडा देतो. मिसिंगमध्ये न वापरलेला ऑक्सिजन धुरात येतो, त्यानेही तेच होतं.

म्हणून मेकॅनिककडे या तपासण्या मागाव्यात :

• गरम इंजिनवर पहिल्या सेन्सरचा आकडा स्कॅनरवर चालू स्थितीत पाहावा. एकाच जागी अडकलाय का?
• फ्युएल ट्रिम पाहावं. शून्याच्या दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांपर्यंतचा फरक सहसा चालतो.
• हीटर, फ्यूज, वायर आणि कनेक्टर तपासावेत.
• पाइपात गळती नाही याची खात्री करावी.
• एवढं झाल्यावरच सेन्सर बदलावा, तोही गाडीच्या मॉडेलला जुळणारा.

रील्समधले उपाय

सेन्सर काढून थिनरमध्ये बुडवणं, तारेच्या ब्रशने घासणं, हे प्रकार रील्समध्ये दिसतात. वरची काजळी निघते, पण झिजलेला किंवा विषारी थर बसलेला सिरॅमिक भाग त्याने सुधारत नाही, उलट तुटू शकतो. कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा स्प्रे भरल्याने तुलनेच्या हवेची वाट बंद होऊ शकते. सेन्सरची वायर काढून ठेवली तर ईसीयू अंदाजाने पेट्रोल सोडतो, बहुधा जास्तच.

कन्व्हर्टर काढून टाकणाऱ्यांची गाठ पीयूसीशी पडते. बीएस ४ आणि बीएस ६ पेट्रोल गाड्यांच्या चाचणीत कार्बन मोनॉक्साइडबरोबर ‘लॅम्बडा’ही पाहतात. सुमारे २५०० आरपीएमवर तो ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान असावा लागतो. लॅम्बडा १ म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण अचूक. पीयूसीच्या कागदावर हा आकडा छापलेला असेल तर तो जपून ठेवावा आणि पुढच्या वर्षीच्या कागदाशी ताडून पाहावा. तो १ पासून सरकू लागला असेल, तर दिवा लागण्याआधीच गाडी स्कॅनरला लावण्याची वेळ आली आहे.